अंगण नसलेली वाडी

लेकीच्या नर्सरीसाठी परवा एक शाळा बघून आलो. भिंतीवर जिराफ, खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत, वर एसी. "मुलं मातीत कुठे खेळतात?" मी विचारलं. बाई हसल्या. "मॅडम, कपडे मळले की पालकच भांडायला येतात हो."

त्यांचं तरी काय चुकलं? गेल्या पावसाळ्यात चिखलात लोळून आलेली लेक बघून मीही किंचाळलेच होते.

पण गंमत बघा. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडी काढली. पाड्यावरची पोरं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. आणि आपण लाखभर फी भरून अंगण तेवढं वगळून घेतोय.

रविवारी सोसायटीच्या मागे वाळूचा ढीग पडला होता. साडेतीन वर्षांची आमची बया अरुंद तोंडाच्या बाटलीत वाळू भरत बसली. सगळी बाहेर सांडे. "आई, जातच नाहीये!" मदतीला हात पुढे केला, तर ढकलून दिला. मग कप झाला, मूठ झाली. शेवटी बदामाचं पडलेलं पान उचललं, मधोमध दुमडलं आणि त्यावरून वाळू सोडली. गेली! चांगली वीस मिनिटं चाललं होतं हे. ते पान दोन बोटं आणि अंगठ्यात धरलं होतं तिने. पेन्सिल याहून वेगळी कशी धरतात, मला कुणी सांगा.

तरी पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला: "लिहायला कधी घेणार?" अहो, २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा पहिलीचं वय सहा धरलंय. घाई नक्की कुणाला आहे? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसात तीन तास हालचाल हवी, त्यातला एक तास तरी चांगली धावपळ. आमच्या बागेत मात्र पाटी आहे, 'हिरवळीवर खेळू नये'. (सकाळी तिथे आजोबांचा हास्यक्लब चालतो, त्याला चालतं.)

शेवटी एका जुन्या वाड्यातल्या बालवाडीत नाव घातलं. चिंचेचं झाड, पाण्याचा हौद, एक मोडका घसरगुंडा. फॉर्मबरोबर सूचना मिळाली: रोज कपड्यांचे दोन जादा जोड पाठवणे.

काल वॉशिंग मशीनमधून गुलबक्षीच्या तीन बिया निघाल्या. फेकणार होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "त्या माझ्या आहेत."