इन्कॉग्निटो, डकडकगो आणि मोफत व्हीपीएन : ‘कोणालाच माग लागत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

व्हॉट्सॲपवर एक सल्ला थोड्याफार फरकाने गेली काही वर्षे फिरत आहे. गुगल सोडून डकडकगो हे शोधयंत्र वापरा, ब्राउझर कोणताही असला तरी इन्कॉग्निटो खिडकी उघडा, वर एखादे मोफत व्हीपीएन (आपली इंटरनेट वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) लावा, म्हणजे तुम्ही काय शोधता हे कंपनी, सेवा पुरवठादार, सरकार यांपैकी कोणालाच कळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. त्याला उत्तर म्हणून दुसरा संदेश येतो : सगळे ब्राउझर एकाच माळेचे मणी आहेत, आणि ज्याला लपवायचे काही नाही त्याने या फंदात पडू नये. दोन्ही संदेश ‘कोणापासून लपायचे’ हा प्रश्न विचारायला विसरतात. घरातला दुसरा माणूस, आपण उघडलेले संकेतस्थळ, त्या संकेतस्थळावर बसलेल्या जाहिरात कंपन्या आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी हे चार वेगवेगळे पाहणारे आहेत, आणि चौघांना एकदम झाकणारे साधन पहिल्या संदेशात सांगितलेल्या तिन्हींत नाही.

‘इन्कॉग्निटोत केलेले कोणालाही दिसत नाही’ हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत घट्ट रुजलेला. २००८ साली गुगलचा क्रोम ब्राउझर आला तेव्हापासून ही सोय त्यात आहे, आणि ती काय करते व काय करत नाही हे खिडकी उघडल्याबरोबर समोरच लिहिलेले असते. ते वाचण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. सर्व इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की त्या वेळचा इतिहास, कुकी (संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या ओळखीच्या छोट्या नोंदी) आणि अर्जांत भरलेली माहिती त्या यंत्रावरून पुसली जाते. डाउनलोड केलेल्या फाइली आणि बुकमार्क तसेच राहतात. एकच संगणक चौघे जण वापरत असतील तर याचा चांगला उपयोग होतो. मात्र उघडलेली संकेतस्थळे, कार्यालयाचे किंवा महाविद्यालयाचे नेटवर्क सांभाळणारे आणि सेवा पुरवठादार यांना तुमची हालचाल दिसू शकते, हेही त्याच पानावर नमूद असते. त्याच खिडकीत जीमेल उघडले, तर गुगलला तुमची ओळख तुम्ही स्वतःच दिलेली असते.

याच मुद्द्यावर २०२० साली कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गुगलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. इन्कॉग्निटो खिडकीत उघडलेल्या संकेतस्थळांवरही गुगलची विश्लेषणाची आणि जाहिरातींची साधने चालू असतात व त्यांच्यातून माहिती गुगलकडे जमा होते, असा वादींचा आक्षेप होता आणि किमान पाच अब्ज डॉलरची भरपाई त्यांनी मागितली होती. २०२४ साली तडजोड झाली. त्यात अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे किंवा त्यांतली ओळख पुसण्याचे, खुलाशाचा मजकूर सुधारण्याचे आणि इन्कॉग्निटोमध्ये पाच वर्षे तृतीय पक्षाच्या (म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाऐवजी जाहिरात कंपन्यांसारख्या इतरांनी ठेवलेल्या) कुकी आपोआप अडवण्याचे गुगलने मान्य केले. सामूहिक भरपाई मात्र मिळाली नाही. आज इन्कॉग्निटोच्या त्या पानावर, संकेतस्थळे आणि त्यांनी वापरलेल्या सेवा माहिती कशी गोळा करतात यात इन्कॉग्निटोमुळे फरक पडत नाही, असे म्हटलेले आहे, आणि त्या सेवांत गुगलचे नाव स्पष्टपणे घेतले आहे. ज्या कंपनीची ही सोय आहे तिनेच जो दावा सोडून दिला, तो आपण पुढे पाठवत राहण्यात अर्थ नाही.

डकडकगोविषयीचा दावा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो नीट सोडवून पाहायला हवा. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेले हे शोधयंत्र शब्दावर जाहिरात दाखवते : ‘सायकल’ शोधले तर सायकलची जाहिरात दिसेल, पण तुमची मागच्या वर्षभराची शोधयादी पाहून ती निवडली जाणार नाही, कारण तुमच्या नावाला जोडलेली तशी यादी ते ठेवत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मान्य करायला हवा. मात्र त्याचे निकाल बव्हंशी मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राकडून येतात, जाहिरातीही मायक्रोसॉफ्टच्या मार्फत येतात, आणि या व्यवहाराची किंमत २०२२ च्या मे महिन्यात उघड झाली : डकडकगोचा मोबाइलवरचा ब्राउझर इतरांचे ट्रॅकर (संकेतस्थळांवर बसून आपला माग ठेवणारे कोडचे तुकडे) अडवत असताना मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर करारामुळे सोडून देत होता. टीका झाल्यावर ऑगस्टमध्ये कंपनीने तेही बहुतांशी अडवायला सुरुवात केली. हा दोष ब्राउझरचा होता, शोधयंत्राचा नव्हता. पण दोन्ही कामे एकच समजणाऱ्या संदेशाने नेमके हेच लक्षात घ्यायला हवे होते.

कारण शोधयंत्राची हद्द निकालाच्या पानावर संपते. समजा तुम्ही डकडकगोवर ‘मूळव्याध घरगुती उपाय’ शोधले आणि पहिल्याच दुव्यावर बोट ठेवले. आता तुम्ही एखाद्या आरोग्यविषयक संकेतस्थळावर आहात, आणि त्या पानाबरोबर विश्लेषण कंपनीच्या, जाहिरात लिलावाच्या आणि समाजमाध्यमांच्या, मोजणी करणाऱ्या डझनभर तुकडेवजा फाइली आणखी कुठून कुठून उतरत असतात. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डावीकडे ढालीचे चिन्ह असते; त्यावर टिचकी मारली की अडवलेल्या ट्रॅकरची यादी उलगडते. एखाद्या मराठी बातमीच्या पानावर ती एकदा उघडून पाहिली, तर शोधयंत्र बदलून हा प्रश्न का सुटत नाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. हे ट्रॅकर थांबवणे हे ब्राउझरचे काम आहे, आणि म्हणून ‘ब्राउझर कोणताही असो’ हे संदेशातले वाक्य मला सर्वांत घातक वाटते.

ब्राउझरांत फरक किती आहे? ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून सर्वांसाठी प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली, जेणेकरून एका ठिकाणची खूण दुसरीकडे वाचता येऊ नये. क्रोमने याच कुकी बंद करण्याचे २०२० साली जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली आणि २०२४ च्या जुलैत तो बेतच गुंडाळला. ज्या कंपनीची मुख्य मिळकत जाहिरातींतून होते तिच्या ब्राउझरकडून वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. त्यातच क्रोमने विस्तारांचे (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचे) नियम बदलल्यामुळे यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती व ट्रॅकर अडवणारा सर्वांत भरवशाचा विस्तार पूर्ण रूपात तेथे चालेनासा झाला. आता फक्त त्याची हलकी आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये, अगदी अँड्रॉइडवरच्याही, तो पूर्ण चालतो.

येथे दुसऱ्या संदेशाचेही उत्तर देणे भाग आहे. ‘ब्रेव्ह हा ब्राउझर क्रोमियमवर उभा आहे, म्हणजे माहिती गुगललाच जाते’ हे चूक आहे. क्रोमियम म्हणजे क्रोमचा पाया असलेला कोड; तो खुला आहे आणि ब्रेव्हने त्यातले गुगलकडे माहिती पाठवणारे भाग काढले किंवा वळवले आहेत. ब्रेव्हवर आक्षेप घ्यायचाच तर २०२० सालच्या प्रकाराचा घ्यावा, जेव्हा काही क्रिप्टो संकेतस्थळांचे पत्ते टाइप करताना हा ब्राउझर स्वतःला दलाली मिळवून देणारा कोड त्यांना जोडत असल्याचे दिसून आले आणि संस्थापक ब्रेंडन आइक यांना चूक कबूल करावी लागली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतेक उत्पन्न गुगलकडून येते, हेही खरे आहे. तो पैसा गुगलला आयते, म्हणजे आधीपासून निवडलेले, शोधयंत्र म्हणून ठेवण्याचा आहे आणि ते शोधयंत्र सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते. ‘एकाच माळेचे मणी’ म्हणणाऱ्यांनी हे तपशील शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मोफत व्हीपीएनबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण उदाहरण बोलके आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही कंपनी घेतली आणि तिचे मोफत व्हीपीएन ‘संरक्षण’ म्हणून लोकांना दिले. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत होती. २०१८ साली ॲपलच्या आक्षेपानंतर ते ॲप स्टोअरवरून हटले, आणि २०२३ साली ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने याच प्रकरणी मेटाच्या (फेसबुकच्या मूळ कंपनीच्या) दोन उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. व्हीपीएनमुळे तुमची वाहतूक सेवा पुरवठादाराच्या नजरेआड जाते खरी, पण ती व्हीपीएन चालवणाऱ्याच्या नजरेसमोर येते. भारतात तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचे निर्देश दिले आणि त्यानंतर अनेक विदेशी कंपन्यांनी आपले येथील सर्व्हर हलवले. ‘सरकारलाही कळणार नाही’ हे आश्वासन कोणी कशाच्या आधारावर देतो, हे त्यालाच विचारावे. शिवाय बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर (मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीवर) असल्यामुळे पुरवठादाराला संकेतस्थळाचे नाव दिसते, पण तुम्ही तेथे कोणते पान वाचले ते दिसत नाही. एवढ्यावर समाधान असेल तर व्हीपीएनची गरजच उरत नाही.

‘लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी २००६ सालचे एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचे प्रकरण पुरेसे आहे. संशोधकांच्या सोयीसाठी त्या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध, नावे काढून व क्रमांक देऊन, खुले केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पत्रकारांनी त्यातल्या एका क्रमांकाचे शोध वाचले आणि गावातल्या सेवा, एका आडनावाचे लोक, म्हातारपणाची दुखणी यांवरून त्यामागची वृद्ध महिला शोधून काढली. तिने लपवण्यासारखे काहीही केले नव्हते.

मग निवडायचे काय? माझे मत असे की, फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन आणि आयते शोधयंत्र म्हणून डकडकगो किंवा ब्रेव्ह सर्च ही जुळणी सामान्य वापराला पुरते. विस्तारांची खटपट नको असेल त्याने ब्रेव्ह घ्यावा. मराठी शोधात मात्र गुगल अजून पुढे आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकले किंवा रोमन लिपीत टाइप केले तरी ते बरेचदा योग्य जागी नेते आणि इतर शोधयंत्रे तेथे अडखळतात, म्हणून अशा वेळी लॉग-इन न करता गुगलवर जाण्यात कमीपणा नाही. पत्त्याच्या पट्टीतल्या शोधसूचना बंद कराव्यात, कारण त्या चालू असतात तेव्हा एंटर दाबण्यापूर्वीच टाइप केलेली अक्षरे शोधयंत्राकडे जाऊ लागतात. आणि अँड्रॉइड फोनच्या मुख्य पडद्यावर जी गुगलची शोधपट्टी असते, ती ब्राउझर बदलला तरी गुगललाच विचारत राहते. बहुतेक फोनांवर तिच्यावर बोट दाबून धरले की ती काढून टाकता येते, आणि तेथे नव्या ब्राउझरची पट्टी लावता येते.