अंगण नापास

मुलांना अंगणात मोकळं सोडायचं असेल तर आधी ते अंगण त्यांच्या उंचीवरून पाहावं, असं कुठंसं वाचलं. वाचलेलं ताबडतोब अमलात आणायची मला वाईट खोड आहे. रविवारी सकाळी फाटकापाशी गुडघे टेकले आणि रांगायला लागलो.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "काय हरवलंय?"

"काही नाही, धोके शोधतोय."

काका आत गेले आणि काकूंना घेऊन बाहेर आले.

गुडघ्यांवरून अंगण अगदी वेगळं दिसतं हो. एरवी निरुपद्रवी वाटणारी नळाची तोटी बरोबर डोळ्याच्या रेषेत येते. बाकाच्या बुडाला एक खिळा अर्धा इंच बाहेर आलेला; तो इतकी वर्षं कुणाची वाट बघत होता ते माझ्या टाळूला कळलं. माझ्यामागून सात वर्षांची लेक रांगत होती, तिच्यामागून तीन वर्षांचा लेक. मी ओरडलो की लेक त्या जागी खडूने फुली मारायची.

नळाखाली बादली होती, तळाशी चार बोटं पाणी. मोठ्या माणसाला त्यात फक्त आळस दिसतो. पण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. वाकून बघताना तोल गेला की त्याला मागे येता येत नाही, आणि बुडायला २ इंच पाणीही पुरतं. इथे माझी चेष्टा बंद झाली. बादली उपडी केली. मग ड्रम, झारी, घमेली, कुंड्यांखालच्या थाळ्या. आईने नुकतं भिजवलेलं धुणंही उपडं झालं, त्याबद्दल दिवसभर ऐकलं.

त्याच ओघात कण्हेरीचा विषय निघाला. तिची पानं, फुलं, बिया, खोड, सगळंच विषारी. काढायची म्हणताच आई उसळली, "इतकी वर्षं आहे ती. तू कधी खाल्लीस?"

"नाही."

"मग?"

लेकीने डोळे मोठे केले. "मग बाबा काय खायचा, आजी?"

"माती. आणि खडू."

लेकीने हातातला खडू फ्रॉकच्या खिशात घातला. कण्हेर मात्र मी हातमोजे घालून मुळासकट काढली.

खरी लढाई झोपाळ्याशी झाली. झोपाळा ज्या दांडीला टांगतात, तिच्या उंचीच्या दुप्पट जागा पुढे मोकळी हवी आणि तेवढीच मागे. आमची दांडी ७ फुटांवर. म्हणजे पुढे १४, मागे १४, एकूण २८. अख्खं अंगण २२ फूट. नियमाप्रमाणे पुढचा झोका आमच्या स्वयंपाकघरात आणि मागचा काकांच्या ओट्यावर. दोन्हीकडून हरकत आली. शेवटी दांडी साडेचार फुटांवर आणली, तेव्हा १८ फुटांत भागलं. खालची फरशी उखडून लाकडाच्या कपच्या पसरल्या, ९ इंच जाड. हिरवळ का नाही, असं बायकोने विचारलं. पाय घासून घासून झोपाळ्याखालची हिरवळ महिन्याभरात टणक जमीन होते, हे मी तिला जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

कठडा पुढच्या रविवारवर गेला. कठड्याची फट साडेतीन इंचांहून लहान असली तर मुलाचं अंगच आत जात नाही. ९ इंचांहून मोठी असली तर डोकंही सुटतं. मधल्या मापात आधी पाय जातात, मग पोट जातं, आणि डोकं अडकतं. आमच्या गजांमधली फट मोजली. बरोबर ५ इंच! मापाची टेप हातातून निसटून पलीकडे पडली. ती घ्यायला खालच्या लोखंडी नक्षीतून हात घातला. हात गेला, टेप मिळाली, कोपर परत येईना.

बायकोने बादलीभर साबणाचं पाणी आणलं.

"साडेतीन ते नऊ," मी तिला समजावत होतो.

"कळलं. हात सैल सोड."

काका-काकू ओट्यावर खुर्च्या टाकून बसले होते.

हात सुटला, टेप मिळाली, संध्याकाळपर्यंत गजांना जाळीही लागली. मी पोरांना म्हटलं, "जा आता, खेळा बिनधास्त."

झोपाळ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. दोघंही फाटकापाशी गुडघ्यांवर बसली आणि रांगत निघाली. पुढे लेक, हातात खडू. मागे लेक, माझी टेप ओढत. नळाशी थांबून त्याने जोरात "आई गं!" केलं, काहीही लागलेलं नसताना. बाकाखाली पुन्हा तेच. मला आवाज ओळखीचा वाटला.

कठड्यापाशी लेक थांबली. साबणाच्या पाण्याची बादली तिथेच होती, अर्धी भरलेली.

"बाबा, ही इथे कुणी ठेवली?"

ठेवली बायकोने होती. पण हात माझा अडकला होता.

लेकीने बादलीवर फुली मारली, माझ्याकडे नीट बघितलं आणि माझ्या गुडघ्यावर दुसरी मारली.