वर्गात हसणारा मुलगा निर्दयच असतो का?

ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या रेल्वेरुळांवर तोल सावरत चालणाऱ्या किंवा मारल्या गेलेल्या ज्यूंच्या बर्लिनमधील स्मारकात हसत सेल्फी काढणाऱ्या तरुणांची छायाचित्रे जोडून एक विधान वारंवार पसरवले जाते. मोबाइलने या पिढीची संवेदना मारली आहे, नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या नरसंहाराविषयी (होलोकॉस्ट) ऐकताना ज्याचे डोळे भरून येत नाहीत त्याला काहीच समजलेले नसते, आणि अशा मुलांना प्रेतांचे ढीग दाखवूनच जागे करावे लागेल, असा त्याचा आशय असतो. यातील पहिल्या दोन गोष्टी चुकीच्या आहेत आणि तिसरी घातक आहे.

मोबाइलचे खापर टिकत नाही. जानेवारी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे कॅसलमाँट हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना ‘शिंडलर्स लिस्ट’ हा या नरसंहारावरचा चित्रपट दाखवायला नेले होते. पडद्यावर एका ज्यू स्त्रीला गोळी घातली जात असताना त्यांच्यातले काही जण हसले, इतर प्रेक्षकांनी तक्रार केली आणि सगळ्या गटाला बाहेर काढण्यात आले. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. नव्हती ती पुरेशी पूर्वतयारी. पुढे विद्यार्थ्यांनी माफी मागितली, नरसंहारातून वाचलेली माणसे त्यांच्याशी बोलली आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग स्वतः शाळेत गेले. त्या मुलांना निर्दय ठरवून विषय संपवला असता, तर यातले काहीच घडले नसते.

अश्रू हीच समजुतीची खूण मानणे मला अधिक अन्यायाचे वाटते. चौदा-पंधराव्या वर्षी चारचौघांत रडू येण्याची भीती मोठी असते, आणि असह्य गोष्ट समोर आली की काही मुले हसून ती दूर ढकलतात. एखादी मुलगी गप्प होते, तर एखादा मुलगा ज्यूंना छावण्यांत नेणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आणि विषारी वायू यांविषयीच विचारत राहतो, कारण तपशिलाला धरून राहिल्यावाचून त्याला त्या गोष्टीकडे बघता येत नाही. “त्यांनी प्रतिकार का केला नाही?” हा रागाचा प्रश्न अनेकांना असंवेदनशील वाटतो. पण त्याच प्रश्नाचे बोट धरून शिक्षकाला १९४३ सालच्या वॉर्सा गेटोतील, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, उठावाकडे आणि त्याच वर्षीच्या त्रेब्लिंका व सोबिबोर या मृत्युछावण्यांतील बंडांकडे जाता येते. जर्मनीतल्या विद्यार्थ्याला आपल्या पणजोबांविषयीचा संकोच गप्प करतो, ज्यू घरातल्या मुलाला नातलगांची नावे आठवतात. दोघांकडून एकाच प्रतिक्रियेची अपेक्षा कशी करायची? जाणूनबुजून केलेली ज्यूद्वेषी टिंगल मात्र वेगळी, आणि तिला तिथल्या तिथे, स्पष्ट शब्दांत अडवलेच पाहिजे.

आता धक्का देण्याचा उपाय. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट स्मारक संग्रहालय शिक्षकांना भीषण छायाचित्रे जपून, आवश्यक तेवढीच वापरायला सांगते, आणि वर्गात छळछावणीचे नाट्य उभे करण्यापासून परावृत्त करते. ऑशविट्झ संग्रहालयही चौदा वर्षांखालील मुलांना आणू नये असे सुचवते. ही अनाठायी हळवी काळजी नव्हे. ढिगातल्या प्रेताला चेहरा नसतो, आणि असे चित्र पाहून मूल एक तर मिटून घेते किंवा त्याला सरावते. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत अंदाजे पंधरा लाख मुले होती, हा आकडा कोणत्याही किशोराच्या कल्पनेत मावत नाही. म्हणून जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेची अध्यापनपद्धती मृत्यूपासून सुरुवात करत नाही. ती आधी युद्धापूर्वीचे ज्यू जीवन दाखवते, म्हणजे घरे, शाळा, सण आणि आपल्याच वयाची मुले, मग ते कायद्याकायद्याने कसे हिरावले गेले ते उलगडते, आणि शेवटी वाचलेल्यांनी पुन्हा उभ्या केलेल्या आयुष्यांपर्यंत विद्यार्थ्याला आणून सोडते.