‘पहिलं वर्ष मजा करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘पहिलं वर्ष मजा, दुसरं कोडिंग, तिसरं इंटर्नशिप, चौथं पॅकेज, नाहीच जमलं तर गेट. कोकणात राहून यातलं काही होत नाही, मुलाला पुण्याला पाठवा.’ परवा आमच्या वाडीच्या ग्रुपवरही आला, शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

‘पहिलं वर्ष मजा’ हे यातलं सगळ्यात महाग वाक्य. सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची दहापैकी सरासरी, पहिल्या सेमिस्टरपासून धरतात. कंपन्या साधारण सातव्या सेमिस्टरच्या तोंडाला येतात, तेव्हा हातात सहा सेमिस्टरचे गुण असतात. पहिल्या दोन्हींत साडेपाच पडले आणि कंपनीची अट ७ ची असली, तर उरलेल्या चारांत सरासरी ७.७५ काढावी लागते (क्रेडिट सारखे धरून). विषय तोवर कठीण झालेले असतात, ते वेगळंच. माझी एम-टूची (दुसऱ्या सेमिस्टरचं गणित) केटी, म्हणजे नापास विषयाची फेरपरीक्षा, तिसऱ्या सेमिस्टरच्या पेपरांना खेटून आली होती, त्यामुळे हे गणित मला तोंडपाठ आहे.

त्यातून आपलं कोकण. कॅप राउंड (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या) लांबले की पहिल्या वर्षाचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात, नि पाठोपाठ गणपती. गावी जावंच, त्याला कोण नाही म्हणेल? पण आरत्या, भजनं, गौरी करत पंधरवडा जातो आणि परत आल्यावर जर्नलं कोरी. दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षा अनेकदा ऐन आंब्याच्या हंगामात, घरात पेट्या भरायची गडबड असताना. पुण्यात बसून केलेल्या वेळापत्रकात हे कुठून येणार?

‘दुसरं कोडिंग.’ कॉम्प्युटरवाल्यांना ठीक. सिव्हिलच्या मुलीने काय करायचं, सर्व्हेचं लेव्हल (उंचसखल मोजायचं यंत्र) ठेवून पायथन?

‘कोकणात काही होत नाही.’ कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली ती याच डोंगरांतून. रत्नागिरीजवळ करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल आहे. जयगडला १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. हे दारात असताना कितीजण तिसऱ्या वर्षाआधी तिकडे फिरकतात? इंटर्नशिप मात्र मागितल्याशिवाय कोणी देत नाही, पुण्यातही.

‘नाहीच जमलं तर गेट.’ गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, तिसऱ्या वर्षातही देता येते आणि स्कोअर ३ वर्षं चालतो. मग चौथ्यात, प्रोजेक्ट आणि मुलाखती अंगावर असताना पहिल्यांदा कशाला बसायचं?

आणि डिप्लोमावाले या मेसेजात नाहीतच. तंत्रनिकेतनातून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या पोरांना सहाच सेमिस्टर मिळतात. सातवं सुरू होतं तेव्हा त्यांच्या हातात चारांचेच गुण असतात. त्यांनी मजेचं वर्ष कुठून आणायचं, ते तेवढं फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.