फुकुशिमाचा मेसेज आणि मिठाचा भलता सल्ला

रत्नागिरीला माझी मावशी सध्या दारावर आलेल्या मासेवालीला परत पाठवते आणि आमटीत मीठ वाढवते. तिला ब्लडप्रेशर आहे! कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज: ‘फुकुशिमाचं किरणोत्सारी पाणी अरबी समुद्रात पोचलंय, म्हणून रात्री लाटा निळ्या चमकतात. मासे बंद करा, आयोडीनचं मीठ जास्त खा.’ सोबत लाल-जांभळा नकाशा. फुकुशिमा म्हणजे जपानचा तो अणुप्रकल्प, जिथे मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर अपघात झाला.

आधी मिठाचंच बघू, कारण यानेच माणूस दवाखान्यात जाईल. अणुअपघातात आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन सुटतं. ते थायरॉइडमध्ये साठू नये म्हणून पोटॅशियम आयोडाइडची गोळी देतात, तीही त्याच वेळी, त्याच भागात. मोठ्या माणसाला 130 मिलिग्रॅमची. त्यात आयोडीन सुमारे 100 मिलिग्रॅम. किलोभर मिठात ते 30 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका गोळीसाठी तीन किलोवर मीठ पोटात घालायचं! शिवाय आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं; मार्च 2011 मधलं त्याच वर्षी संपलं. अपघातात सुटणारा दुसरा किरणोत्सारी पदार्थ म्हणजे सीझियम; त्यावर आयोडीनचा उपयोगच नाही. वाढणार ते फक्त प्रेशर. कुणाच्याही आईला असला सल्ला देताना काहीच कसं वाटत नाही?

नकाशा किरणोत्साराचा नाहीच. अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेने 2011 च्या त्सुनामीतल्या लाटांची उंची त्यात दाखवली होती. मूळ नकाशातल्या रंगपट्टीवर सेंटिमीटर लिहिलेत. किरणोत्सार बेकरेलमध्ये मोजतात.

फुकुशिमाचं पाणी मुख्यतः पूर्वेला, कॅनडा-अमेरिकेकडे वाहत गेलं. तिथे पोचेपर्यंत त्यातलं सीझियम हजार लिटरमागे काही बेकरेलवर आलं. तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम-40 या नैसर्गिक किरणोत्सारी पदार्थाचे सुमारे 12,000 बेकरेल मुळातच असतात.

निळ्या लाटा नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्मजीवांमुळे चमकतात. विषय संपला.

आता एक मान्य करावं लागेल: मासे बाधित झालेच नाहीत असं नाही. मे 2023 मध्ये फुकुशिमा प्रकल्पाच्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोला 18,000 बेकरेल सीझियम सापडलं. जपानची मर्यादा 100 आहे. पण तो तळाशी, एका जागी राहणारा मासा, तोही प्रकल्पाच्या दाराशीच सापडलेला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या बांगड्यात किती बेकरेल मोजले, कुणी मोजले, कधी मोजले, यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नाही.