तिसरा हात

डाग द्यायला माणसाला तीन हात लागतात. एका हातात तापलेला सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात कथील-शिशाची तार. मग सर्किट बोर्ड धरायचा कुणी? बाजारात त्यासाठी चिमटे आणि भिंग लावलेलं स्टँड मिळतं. पण घर माणसांनी भरलेलं असताना हात विकत आणायचा, हे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत कुणाला पटणार?

निमित्त सेट-टॉप बॉक्सचं. पावसाळ्यात लाइट ये-जा करत होती, त्यात तो गेला. उघडला, तर एका कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याचं, डोकं टम्म फुगलेलं. दुकानात 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा मागितला.

"16 चा न्हाई, 25 चा न्या. चालतंय की!"

चालतंही. व्होल्ट जास्त असलेले चालतात, कमी असलेले नाहीत. बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मागितल्यावर मात्र मेडिकलवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. बाकीची सामग्री घरातूनच जमवली: भुवयांचा चिमटा हिचा, टूथब्रश जुना, पण कुणाचा यावर अजून वाद आहे.

तिसऱ्या हाताचा पहिला मान आप्पांचा. आप्पांची पकड गंगावेस तालमीतली, त्यामुळं बोर्ड हलण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवला, आणि आप्पा हातवारे केल्याशिवाय बोलत नाहीत. मी आयर्न घेऊन बोर्डाच्या मागं मागं. मग हिनं धरला, धुरापासून तोंड फिरवून. म्हणजे बोर्डही त्याच दिशेला. तारेतल्या राळेच्या धुराला खिडकी उघडावी, तर पाऊस आत.

जुना कपॅसिटर तर हलायला तयार नाही. कारखान्यातल्या बिनशिशाच्या डागाला वितळायला 217 अंशांच्या पुढं जावं लागतं. आपली 60/40 ची (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) तार 190 च्या आत पाणी होते. त्यात ऋण पायाभोवतीचं तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं आणि माझा 25 वॅटचा आयर्न नुसता घाम गाळतो. यावर उपाय असा, की जुन्या डागावर आधी नवं कथील चढवायचं, मग दोन्ही मिळून डाग शोषायच्या पंपानं ओढायचं. पंप खट्ट वाजला की ही दचकायची, आणि सुटत आलेला पाय पुन्हा थंड.

कॉटवरून आजी हे सगळं बघत होती.

"टोक काळं पडलंय की रं. कथील धरंल कसं? नवसागर लाव."

आजीनं आयुष्यभर पितळी भांड्यांना कल्हई करून घेतलेली. इंटरनेटवर मी याच कामाची, म्हणजे टोक साफ करून कथील चढवणाऱ्या टिप टिनरची डबी बघत होतो. याच कामाला नवसागराच्या वड्याही मिळतात. आजीच्या डब्यातला खडा मिळाला फुकट, शिवाय मंद आचेवर व्याख्यान. टोक घासलं, कथील चढवलं, चांदीसारखं चमकलं. कपॅसिटर सुटला.

नवा बसवताना कपॅसिटरवरच्या पट्टीची बाजू ऋण, हे मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि बोर्ड उलटा धरलेले आप्पा तितक्याच मोठ्यानं "डावीकडं!" म्हणत होते. त्यांची डावी ती माझी उजवी.

बॉक्स लागला. झाकण मात्र बसेना. 25 व्होल्टचा गडी जुन्यापेक्षा उंच निघाला.

"मग आडवा पाड की त्याला!" आप्पा ओरडले.

वायर काढून त्याचे पाय वाकवले, पाठ बोर्डाला टेकवली, झाकण बसलं. आईनं मालिका लावली. दारात आलेल्या शेजारच्या काकांना आप्पा बॉक्स कसा दुरुस्त केला ते सांगत होते, दोन्ही हात मोकळे करून.