ईयोब गप्प नव्हता

सगळ्यांना जय ख्रिस्त.

2025 च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पाऊस कोसळला. हाताशी आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं, कुठे तर वावरातली मातीच खरवडून गेली. त्यानंतर घरोघरी होणाऱ्या कॉटेज प्रार्थनांत एकच वाक्य ऐकू यायचं, "धीर धरा, देव बघतोय." सांगणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्याला यानं धीर येत नाही. तो गप्प होतो, एवढंच. आणि त्याच्या गप्प होण्यालाच आपण विश्वास म्हणतो. मला हे पटत नाही.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा शेतकरी तिथं आहे. तिकडं इस्राएल देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, उन्हानं टणक झालेली जमीन नरम करतो. शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरायला. मधल्या काळात शेतकरी हात बांधून बसत नाही. आपल्याकडेही मृगावर पेरलं आणि पुढं पावसानं खंड दिला, तरी कोळपणी-खुरपणी चालूच असते. आणि त्याच अध्यायात, या शेतकऱ्याच्या आधी, याकोब कोणावर तुटून पडतो? मजुरांची मजुरी दाबून ठेवणाऱ्या श्रीमंतांवर! धीर धरा म्हणणारा हा माणूस अन्याय बघून गप्प बसलेला नाही.

पुढं तो ईयोबाचं नाव घेतो. तो ईयोब, ज्याची लेकरं, धनदौलत, तब्येत सगळं गेलं, ज्यानं आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवापुढं वाद घातला. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर ते खरे मित्र होते. मग बोलायला लागले, देवाची बाजू मांडायला लागले. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असं देवानंच सांगितलं.

मला धीर उपदेशातून आला नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चमधल्या, एक मावशी संध्याकाळी यायच्या, भाकरी थापायच्या, आईचे पाय चेपायच्या. मी देवावर चिडून बोलायचे, त्या ऐकून घ्यायच्या. कधी वचन सांगून माझं तोंड बंद केलं नाही. राग आणि विश्वास एकाच घरात राहू शकतात, हे मला त्यांच्यामुळं कळलं. बायबलमधलं तेरावं स्तोत्र तर 'कोठवर' असं विचारूनच सुरू होतं, ते मी तेव्हा रोज वाचायचे.

म्हणून मंडळीला माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या प्रार्थनेला ज्याच्या घरी बसू, त्याला आधी बोलू द्या. रडला तर रडू द्या, देवाला जाब विचारला तर विचारू द्या. पंचनामा झाला का, विम्याचं काय झालं, पोरीची फी भरायची राहिली का, हेही विचारा. तलाठ्याकडं जायला सोबत हवी असेल तर तरुण संघातल्या पोरांनी जावं. गीतं त्यानंतर घेऊ, पेटी मी आणते.